ऐकणारा वैमानिक

पावसाळ्यात मुळशीच्या खोऱ्यात भातलावणी चालू असते, तेव्हा एक साधी गोष्ट पाहण्यासारखी असते. ओढ्याच्या अलीकडच्या खाचरातून एखादा शेतकरी पलीकडच्या गड्याला हाक देतो. मध्ये वाहत्या पाण्याचा आवाज, वर घोंघावणारा वारा आणि अंगावर कोसळणारा पाऊस. “पाणी सोडू नको!” असे तो ओरडून सांगतो. यातला ‘नको’ हा शेवटचा शब्द वाऱ्याने उडवून नेला तर काय होईल? पाणी सुटेल आणि नुकतीच लावलेली रोपे वाहून जातील. म्हणून जाणता गडी नुसती मान हलवून स्वस्थ बसत नाही. तो उलट हाक देतो, “सोडू नको ना?” अलीकडून उत्तर येते, “हो, हो, नको सोडू!” एवढे झाले, म्हणजेच निरोप पोचला असे दोघेही समजतात.

याच खोऱ्यावरून, ढगांच्या वरून, विमाने जात असतात. त्यांच्या वैमानिकांशी जमिनीवरून कोणीतरी सतत बोलत असते. तेथेही मध्ये अंतर असते, आवाज असतो, घाई असते. आणि तेथेही निरोप पोचला की नाही हे ठरविण्याची रीत हीच आहे. फरक एवढाच, की शेतकऱ्याची चूक रोपांवर बेतते, वैमानिकाची चूक माणसांच्या प्राणांवर बेतते. म्हणून विमान चालविण्यास शिकणाऱ्याला हातांच्या कौशल्याइतकेच कानांचे कौशल्यही शिकावे लागते. ते कसे, हे आपण पाहू.

आपल्या देशात सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास किंवा मुलीस शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी असे शिक्षण दिले जाते. शिकाऊ विमान बहुधा लहान असते. त्यात शेजारी शेजारी दोन आसने असतात. एकावर शिष्य बसतो, दुसऱ्यावर प्रशिक्षक. शिष्याच्या एका हातात सुकाणू असते, दुसरा हात इंजिनाची गती कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर असतो, पाय खालच्या पट्ट्यांवर असतात. डोळ्यांनी बाहेरचे आकाश आणि समोरची यंत्रे आळीपाळीने पाहावयाची असतात. आणि याच वेळी कानांवर लावलेल्या श्रवणयंत्रातून एक आवाज येतो. तो आवाज नियंत्रकाचा असतो.

हा नियंत्रक कोण? मोठ्या विमानतळावर धावपट्टीजवळ एक उंच मनोरा असतो. त्याच्या काचेच्या खोलीतून नियंत्रकाला धावपट्टी आणि सभोवतालचे आकाश दिसते. कोणते विमान आधी उतरेल, कोणते थांबेल, कोण कोणत्या उंचीवरून जाईल, हे तो ठरवितो आणि रेडिओवरून सांगतो. पुण्याजवळचा लोहगावचा तळ भारतीय वायुदलाचा आहे. तेथे लढाऊ विमाने व प्रवासी विमाने एकाच धावपट्टीचा उपयोग करतात. अशा ठिकाणी नियंत्रकाचा एकेक शब्द किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येईल. शिकाऊ विमानाचा वेग फार नसतो. ते ताशी सुमारे १८० किलोमीटर जाते. पण तेवढ्या वेगानेही ते दर सेकंदास ५० मीटर पुढे सरकते. “काय म्हणाले बरे?” असा विचार करीत पाच सेकंद घालविले, तर विमान पाव किलोमीटर पुढे गेलेले असते.

प्रारंभीच्या काळी ही सोय नव्हती. मुंबईच्या जुहू येथे १९२८ च्या सुमारास वैमानिकांना शिकविणारा क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळच्या लहान विमानांत बहुधा रेडिओ नसे. जमिनीवरच्या खुणा आणि दिव्यांचे संकेत पाहून वैमानिकास काम भागवावे लागे. दिव्यांची ती भाषा आजही प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पाठ करावी लागते; कारण रेडिओ हे यंत्र आहे आणि यंत्र बिघडू शकते. उडत्या विमानाकडे मनोऱ्यातून स्थिर हिरवा प्रकाश रोखला, तर उतरण्यास परवानगी आहे, असा त्याचा अर्थ. स्थिर लाल प्रकाश म्हणजे दुसऱ्या विमानास वाट द्या आणि घिरट्या घालीत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. दिवसा हा संकेत मिळाल्यावर वैमानिक विमानाचे पंख डावीउजवीकडे हलवितो. म्हणजे शब्द नसतानाही “तुमचे म्हणणे मला कळले” हे सांगावेच लागते!

रेडिओ आल्यावर बोलणे सोपे झाले. पण ऐकणे मात्र सोपे झाले नाही. विमानातील रेडिओ आपल्या दूरध्वनीसारखा नसतो. दूरध्वनीवर दोघेही एकाच वेळी बोलू व ऐकू शकतात. विमानात बोलण्यासाठी कळ दाबावी लागते, आणि ती दाबलेली असेपर्यंत वैमानिकाला दुसऱ्याचे काहीच ऐकू येत नाही. शिवाय एका परिसरातील सर्व विमाने एकाच रेडिओलहरीवर बोलत असतात. दोघांनी एकदम कळ दाबली, तर दोघांचेही शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्यास केवळ कर्कश शिटी ऐकू येते. म्हणून पहिला नियम असा की, बोलण्यापूर्वी क्षणभर ऐका. कोणी बोलत असेल तर त्यास पुरे करू द्या. काय बोलावयाचे ते आधी मनाशी ठरवा, आणि मगच कळ दाबा.

दुसरा नियम पुनरुच्चाराचा. समजा, एका शिकाऊ विमानाच्या नोंदणीची शेवटची दोन अक्षरे इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘सी’ आहेत. रेडिओवर ‘बी’, ‘सी’, ‘डी’, ‘ई’ ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. यासाठी १९५६ साली सर्व जगाकरिता एक उच्चारमाला ठरविण्यात आली. तीत ‘ए’ साठी अल्फा, ‘बी’ साठी ब्राव्हो, ‘सी’ साठी चार्ली असे शब्द आहेत. तेव्हा आपल्या विमानाचे नाव झाले ‘ब्राव्हो चार्ली’. आकडेही ठरावीक रीतीने उच्चारतात. ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ यांची गफलत होऊ नये म्हणून ‘नाइनर’ आणि ‘फाइफ’ म्हणतात.

हे बोलणे आपल्या देशात इंग्रजीतून चालते; त्याचा आशय असा असतो. नियंत्रक म्हणतो, “ब्राव्हो चार्ली, धावपट्टीच्या अलीकडे थांबा, एक विमान उतरत आहे.” यावर शिष्याने काय उत्तर द्यावे? “समजले” हे उत्तर आपल्याला पुरेसे वाटेल. पण रेडिओच्या भाषेत ते अपुरे आहे. योग्य उत्तर असे: “धावपट्टीच्या अलीकडे थांबतो, ब्राव्हो चार्ली.” यात दोन गोष्टी साधल्या. आज्ञा जशीच्या तशी परत बोलली गेली, त्यामुळे ती बरोबर ऐकली की नाही हे नियंत्रकास कळले. आणि आपले नाव घेतले गेले, त्यामुळे ती ज्याच्यासाठी होती त्यानेच ऐकली, हेही कळले. एकाच शाळेच्या दोन विमानांची नावे कित्येकदा एकमेकांसारखी असतात. एकाची आज्ञा दुसऱ्याने पाळली तर अनर्थ ओढवेल.

चित्रपटांतून आपण ‘रॉजर’ हा शब्द ऐकलेला असतो. त्याचा अर्थ “होय, तसे करतो” असा पुष्कळांना वाटतो. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की “तुमचे सर्व बोलणे मला ऐकू आले.” “मी समजलो आणि तसे करीन” यासाठी ‘विल्को’ असा वेगळा शब्द आहे. धावपट्टीवर जाणे, उड्डाण करणे, उतरणे, उंची बदलणे, दिशा बदलणे यांविषयीच्या आज्ञांना यांपैकी कोणताही शब्द चालत नाही. त्यांचा पुनरुच्चारच करावा लागतो.

पुनरुच्चार ऐकणाऱ्यावरही एक जबाबदारी असते. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी एक मालवाहू बोइंग विमान सिंगापूरहून मलेशियातील क्वालालंपूरकडे येत होते. नियंत्रकाने त्यास २,४०० फुटांपर्यंत उतरण्यास सांगितले. त्याने आकडे सुटे उच्चारले: “टू, फोर, झीरो, झीरो”. इंग्रजीत ‘दोन’ या अर्थाचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ कानाला सारखेच लागतात. वैमानिकांनी “चारशेपर्यंत” असे ऐकले आणि उत्तरही तसेच दिले, “ओके, फोर, झीरो, झीरो.” ही चूक त्या क्षणी नियंत्रकाच्या ध्यानात यावयास हवी होती. ती आली नाही. विमान खाली खाली येत गेले, टेकडीवर आदळले आणि त्यातील चारही माणसे मृत्युमुखी पडली. त्या उड्डाणात इतरही चुका झाल्या होत्या. जमीन जवळ आल्याची यंत्राची सूचनाही दुर्लक्षिली गेली. तथापि पहिली ठेच लागली ती एका ‘टू’ ची. नियंत्रकाने आज्ञा द्यावी, वैमानिकाने ती परत म्हणावी आणि नियंत्रकाने ते म्हणणे कान देऊन ऐकावे, अशा तीन कड्या जुळल्या तरच साखळी पुरी होते.

शब्द मोजके आणि ठरावीक का असावेत, हे दुसऱ्या एका अपघाताने जगास शिकविले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर धुके दाटले होते. एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड विमाने होती. त्यांपैकी एकास पुढील मार्गाची माहिती मिळाली होती, उड्डाणाची परवानगी मात्र मिळाली नव्हती. त्याच्या वैमानिकाने “आम्ही आता उड्डाणावर आहोत” अशा अर्थाचे मोघम शब्द उच्चारले. विमान उड्डाणासाठी सज्ज उभे आहे, असा नियंत्रकाने त्यांचा अर्थ घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. “थांबा, मी सांगेन” असे नियंत्रकाने म्हटले; पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही “आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत” असे कळविले. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि शिटीच्या आवाजात दोन्ही निरोप अस्पष्ट झाले. त्या टकरीत ५८३ माणसे दगावली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला. शिकाऊ वैमानिकाकडून हा भेद पहिल्या दिवसापासून घोकून घेतला जातो.

यापेक्षाही अवघड असा एक धडा आहे. तो कानांचा नसून मनाचा आहे. न समजलेली गोष्ट “समजली” असे म्हणण्याचा मोह माणसाला होतो. वर्गात गुरुजी विचारतात, “समजले का?” आणि अर्धवट समजलेला विद्यार्थीही इतरांबरोबर मान डोलावतो. चारचौघांत अज्ञान दिसू नये, एवढाच त्याचा हेतू असतो. वर्गात याची शिक्षा फार तर चार गुणांची. आकाशात ती फार मोठी असते.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून एक सौदी विमान निघाले होते आणि कझाकस्तानचे एक विमान दिल्लीकडे येत होते. दोघांचा मार्ग एकच होता. नियंत्रकाने सौदी विमानास १४,००० फुटांवर आणि कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. समोरून विमान येत आहे, अशी सूचनाही त्याने कझाक विमानास दिली आणि तिला उत्तरही मिळाले. त्या विमानात रेडिओवर बोलण्याचे काम एका स्वतंत्र माणसाकडे होते आणि त्याच्यासमोर उंची दाखविणारे यंत्र नव्हते. उत्तर दिले गेले, पण विमान नेमलेल्या उंचीवर राहिले नाही. ते आणखी खाली उतरले. हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ जण मरण पावले. चौकशीत असे ठरले की, कझाक वैमानिकांचे इंग्रजीचे ज्ञान अपुरे होते, नियंत्रकाच्या सांगण्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला आणि त्यांच्यात आपसांतला मेळही नव्हता. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना रेडिओवरील भाषेची ठरावीक पातळीची परीक्षा आवश्यक झाली.

येथे भाषेच्या अज्ञानापेक्षाही अधिक विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे ते दिले गेलेले उत्तर होय. उत्तर आले की बोलणाऱ्याची खात्री पटते. म्हणून खोटी खात्री ही मौनापेक्षा घातक असते. शिकाऊ वैमानिकाच्या शब्दसंग्रहात यासाठी दोन इंग्रजी शब्द आहेत: ‘से अगेन’, म्हणजे “पुन्हा सांगा.” हे दोन शब्द उच्चारण्यास फीचा एक पैसा लागत नाही, पण नवशिक्यास ते फार जड जातात. बाजूला प्रशिक्षक बसलेला, मनोऱ्यातील नियंत्रक घाईत, त्याच लहरीवर इतर अनुभवी वैमानिक ऐकत असलेले. अशा वेळी “मला कळले नाही” हे कसे म्हणावे? चांगला प्रशिक्षक म्हणून आरंभीच बजावतो की, पुन्हा विचारल्याबद्दल कोणी रागावले तर रागावू दे. न विचारता केलेल्या चुकीला मात्र क्षमा नाही.

नियंत्रकाच्या सूचनांकडे अवधान राहावे म्हणून शिष्यास काही सवयी लावून घ्याव्या लागतात. मांडीवर बांधलेल्या लहान पाटीवर कागद लावून तो आकडे लगेच टिपून घेतो, कारण उत्साहाच्या भरात चार आकड्यांतला एखादा हमखास निसटतो. पुढे कोणती सूचना येण्याचा संभव आहे, याचा तो आधीच विचार करून ठेवतो. अपेक्षित गोष्ट ऐकणे सोपे जाते. पण यातही एक खाच आहे. मन ज्याची वाट पाहत असते, तेच कानांना ऐकू येते. उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणाऱ्यास “उतरू नका” यातले ‘उतरू’ तेवढे ऐकू यावयाचे! म्हणून अपेक्षा करावी, परंतु ऐकावे ते प्रत्यक्ष शब्द. इतर विमानांना दिलेल्या सूचनांकडेही तो कान ठेवतो. त्यावरून आपल्या आजूबाजूला कोण कोठे आहे, याचे चित्र मनात उभे राहते. लहान तळांवर नियंत्रक नसेल, तेथे तर वैमानिक आपापली जागा स्वतःच रेडिओवर सांगतात आणि एकमेकांचे ऐकूनच सुरक्षित राहतात.

मग नियंत्रकाचे ऐकणे हेच वैमानिकाचे सर्वांत पहिले कर्तव्य काय? नाही. वैमानिकांत कर्तव्यांचा एक क्रम ठरलेला आहे: आधी विमान सांभाळा, मग वाट पाहा, मग बोला. विमान नीट तोलून धरण्यापूर्वीच उत्तर देण्याच्या गडबडीत पडणे हे अवधान नव्हे. अशा वेळी “जरा थांबा” म्हणण्याची मुभा आहे. तसेच एखादी सूचना पाळणे शक्य नसेल, तर “जमणार नाही” असे स्पष्ट सांगून कारण देणे हेही वैमानिकाचे कर्तव्यच आहे. जमीन नजरेसमोर ठेवूनच उडण्याची परवानगी असलेल्या शिकाऊ वैमानिकास सांगितलेल्या दिशेला ढग दिसले, तर त्याने त्यांत शिरता कामा नये. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावरचे ढग पाहिलेल्या मुळशीकरांना याचे कारण सांगावे लागणार नाही. त्या ढगांच्या पोटात डोंगर असतात.

याची एक दुःखद आठवण आपल्याच जिल्ह्यात आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईस येणारे एक इटालियन प्रवासी विमान जुन्नरच्या परिसरात डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मरण पावले. मुंबईच्या नियंत्रकाशी त्याचे बोलणे तुटलेले नव्हते. पण आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. म्हणून ते फार लवकर, सुरक्षित उंचीच्या खाली आले. त्या भागातील डोंगरांची त्यास पुरेशी ओळख नव्हती. रेडिओवरचे बोलणे चालू असले तरी आपण कोठे आहोत आणि आपल्याखाली काय आहे, हे वैमानिकाने स्वतः जाणून घ्यावयाचे असते. ऐकलेली प्रत्येक सूचना नकाशाशी, यंत्रांशी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी ताडून पाहणे, हे ऐकण्याचेच अखेरचे अंग आहे.

तेव्हा नीट ऐकणे म्हणजे गप्प बसून मान डोलावणे नव्हे. कान देणे, अर्थ लावणे, तो परत बोलून दाखविणे, शंका आली तर विचारणे आणि मग कृती करणे, एवढे सगळे त्यात येते. तुमच्यापैकी एखादा किंवा एखादी उद्या वैमानिक होईल, नियंत्रकही होईल. पण जे होणार नाहीत, त्यांनाही ही सवय उपयोगी पडेल. वैद्याने सांगितलेले औषधाचे प्रमाण, वडीलधाऱ्यांनी दिलेला निरोप, वीज बंद केली की नाही याची चौकशी, अशा कितीतरी ठिकाणी एखादा ‘नको’ वाऱ्यावर उडून जाण्याचा संभव असतो. अशा वेळी ओढ्यापलीकडच्या त्या गड्याची आठवण ठेवावी आणि उलट हाक द्यावी, “सोडू नको ना?”